गोळी कुणाच्या दातांत

‘बाइट द बुलेट’ या इंग्रजी वाक्प्रचारावर माझं बरीच वर्षं प्रेम होतं. व्यवसायाने मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे तो वापरायला प्रसंगांची वाण कधी पडली नाही. सलग जागरणं करून पुन्हा रात्रपाळी आली म्हणून तोंड वाकडं करणारा निवासी डॉक्टर, मोडलेल्या मनगटाचा पहिला व्यायाम करताना हात मागे घेणारा कॉलेजचा मुलगा, एमडीची परीक्षा पुढच्या खेपेला देईन म्हणणारी विद्यार्थिनी, सगळ्यांना माझं औषध एकच. इंग्रजी न समजणाऱ्यांसाठी मराठी आवृत्तीही तयार होती : दात आवळा आणि एवढं सोसा. आता मी तो वाक्प्रचार दुसऱ्या कुणाला उद्देशून वापरत नाही. अगदी सोडून दिलाय असंही नाही. स्वतःला सांगायला तो अजून उपयोगी पडतो. पण ज्याला मी धैर्याचा धडा समजत होते त्याच्याकडे आज जरा संशयाने पाहते. हे का झालं ते एकदा नीट मांडावं असं बऱ्याच दिवसांपासून मनात आहे.

अर्थ तसा सरळ आहे. जे टळणार नाही आणि सुखाचंही नाही, ते कुरकुर न करता उरकून टाकायचं. शब्दशः पाहिलं तर दातांत बंदुकीची गोळी धरायची. त्यामागची गोष्ट सिनेमांनी घरोघर पोचवलेली आहे : रणांगणावरचा तंबू, भूल नावाची चीज नाही, सर्जनच्या हातात करवत, जखमी सैनिकाच्या पोटात दोन घोट दारू आणि दातांत शिशाची गोळी. मीही ती विद्यार्थ्यांना रंगवून सांगत असे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथर हुंगवलं आणि जॉन वॉरन या सर्जनने त्याच्या मानेवरच्या गाठीचं ऑपरेशन केलं. आमच्या शास्त्राचा तो जन्मदिवस मानतात. त्याचं मोल पटवायचं तर आधीचा काळोख गडद रंगवावा लागतो, आणि त्या कामाला ही गोळी फार सोयीची होती.

भूलतज्ज्ञाच्या नजरेने पाहिलं तर मात्र ही गोष्ट उभी राहत नाही. ऑपरेशनच्या आधी आम्ही पेशंटला विचारतो, दात हलतोय का, कवळी आहे का, तोंडात तंबाखू नाही ना? उताण्या झोपवलेल्या, जिवाच्या आकांताने श्वास ओढणाऱ्या माणसाच्या तोंडात सुटी गोळी ठेवणं म्हणजे तिला श्वासनलिकेची वाट दाखवणं. जुने सर्जन इतके खुळे नव्हते. दातांत काही द्यायचंच असेल तर चामड्याचा पट्टा किंवा लाकडाचा तुकडा कितीतरी बरा. शिवाय सिनेमे ज्या अमेरिकन यादवी युद्धाचं चित्र दाखवतात ते १८६१ ते १८६५ या काळातलं. तोवर ईथर आणि क्लोरोफॉर्म दोन्ही लष्कराच्या पेट्यांत होते आणि हातपाय कापायच्या शस्त्रक्रिया बहुतांशी भूल देऊनच झाल्या. त्या युद्धभूमींवर दातांच्या खुणा उमटलेल्या गोळ्या सापडतात आणि लोक त्या हळहळत बघतात. अभ्यासकांनी बारकाईने पाहिल्यावर त्यांतल्या बऱ्याच डुकरांनी चघळलेल्या निघाल्या.

दुसरी एक कथा आपल्याकडे जास्त चालते. १८५७ ची काडतुसं. एन्फिल्ड रायफलचं कागदी काडतूस दातांनी फाडावं लागे, त्याला चरबी लावलेली असल्याची बातमी पसरली आणि पुढे काय झालं ते शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मध्येही ही काडतुसं भेटतात. त्यामुळे ‘बाइट द बुलेट’ आपल्या बंडातून इंग्रजीत गेला असं कुणी म्हटलं की मराठी मनाला बरं वाटतं. पण काडतूस फाडणं वेगळं आणि गोळी चावणं वेगळं. आणि गोळी चावायच्या सवयीची लेखी नोंद त्या बंडाच्या कितीतरी आधीची आहे.

ती नोंद मला फ्रान्सिस ग्रोसच्या कोशात भेटली. ग्रोस हा अठराव्या शतकातला इंग्रज, जुन्या वास्तूंचा नाद असलेला, लष्करात वावरलेला आणि गुत्त्यांत बसून लोकांची बोली टिपणारा. १७८५ मध्ये त्याने ‘अ क्लासिकल डिक्शनरी ऑफ द व्हल्गर टंग’ काढला : शिपाई, खलाशी, भुरटे चोर, फेरीवाले यांच्या तोंडच्या शब्दांचा कोश. पुढच्या एका आवृत्तीत ‘नाइटिंगेल’ या पक्ष्याच्या नावाखाली एक लष्करी अर्थ दिला आहे. फटक्यांची शिक्षा होत असताना जो शिपाई ओरडतो तो नाइटिंगेल, म्हणजे गाणारा. काही पलटणींत फटके खाताना तोंडातून आवाज न काढणं हा इभ्रतीचा प्रश्न होता, आणि आवाज निघू नये म्हणून शिपाई तोंडात गोळी धरून चावत.

ही नोंद वाचल्यावर माझ्या मनातला तो तंबू उठला. तिथे शत्रू नाही, शत्रूने केलेली जखम नाही, जीव वाचवण्यासाठी चाललेली करवत नाही. आहे ती शिक्षा, आणि ती देणारी फौज शिपायाची स्वतःची. सार्जंटांच्या हातात परशू बसवलेले भाले असत, ते तिकाटण्यासारखे उभे करून शिपायाचे हात त्यांना बांधत. पलटण चौकोन धरून उभी. नऊ शेपट्यांचा चाबूक, मारणारे आळीपाळीने बदलायचे. आणि बाजूला उभा असायचा डॉक्टर.

या डॉक्टरपाशी मी बराच वेळ अडकले. त्याचं काम काय, तर हा माणूस अजून किती सोसू शकेल ते सांगणं. नाडी बघून तो मान हलवी आणि फटके पुढे चालू राहत, किंवा थांबत. माझा सगळा पेशा पेशंटच्या डोक्यापाशी उभं राहून नाडी बघण्याचा. कुणी किती सोसू शकतं याचा अंदाज मीही रोज करते. त्या चौकोनात उभ्या असलेल्या डॉक्टरच्या कानावर आवाज आला नाही तर त्याचं काम सोपं होत असणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. गप्प पेशंट आम्हाला नेहमीच आवडतो.

याच विषयातलं एक प्रकरण मग मी शोधून वाचलं. जून १८४६. लंडनजवळच्या हाउन्स्लो इथल्या बराकीत सातव्या हुसार्स पलटणीचा फ्रेडरिक जॉन व्हाइट नावाचा शिपाई. दारूच्या नशेत त्याने सार्जंटला लोखंडी सळीने मारलं होतं. शिक्षा १५० फटक्यांची, आणि ती पुरी दिली गेली. जुलैत तो मेला. लष्कराने पाठवलेल्या डॉक्टरांनी प्रेत तपासून सांगितलं की मृत्यू छातीतल्या दाहाने झाला, फटक्यांचा संबंध नाही. सुदैवाने त्या भागाचा कॉरोनर होता थॉमस वेकली, ‘द लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक सुरू करणारा भांडकुदळ माणूस. त्याने त्वचेचा जाणकार इरॅस्मस विल्सन याच्याकडून पुन्हा तपासणी करवली आणि ज्यूरीने मृत्यूचं कारण फटके असंच नोंदवलं. देशभर ओरड झाली. सरसेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनने कमाल मर्यादा ५० फटक्यांवर आणली. शिक्षा बंद मात्र झाली १८८१ मध्ये. कंपनीच्या हिंदी शिपायांसाठी बेंटिंकने ती १८३५ मध्येच काढून टाकली होती, तीही हार्डिंगने १८४५ मध्ये परत आणली, हे जाता जाता.

व्हाइट मेला त्यानंतर तीन महिन्यांनी बॉस्टनमध्ये ईथरचा तो प्रयोग झाला. या दोन गोष्टी एका वर्षातल्या आहेत हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या पुस्तकांत १८४६ म्हणजे फक्त बॉस्टन.

हाउन्स्लोला लष्कराच्या बाजूने प्रेत तपासणाऱ्यांत जॉन हॉल नावाचा डॉक्टर होता. पुढे क्रायमियाच्या युद्धात, १८५४ मध्ये, हाच हॉल तिथल्या ब्रिटिश फौजेचा मुख्य वैद्यकीय अधिकारी झाला. तोवर क्लोरोफॉर्म येऊन सात वर्षं झाली होती. हॉलने आपल्या सर्जनांना बजावलं की गोळ्यांच्या भीषण जखमांत क्लोरोफॉर्म जपून वापरा. सुरीची झोंब हीच मोठी उत्तेजक असते, आणि मुकाट्याने खाली जाणाऱ्या माणसापेक्षा जोराने बोंबलणारा माणूस परवडला. शास्त्र म्हणून यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. क्लोरोफॉर्मने हृदय बंद पडून माणसं दगावत होती. तरी हे वाचताना मला वैद्यकातला तर्क कमी आणि पलटणीतली सवय जास्त दिसते. गंमत म्हणजे याच हॉलचं ज्या बाईशी हाडवैर झालं तिचं आडनाव नाइटिंगेल. ज्या फौजेच्या बोलीत ओरडणाऱ्या शिपायाला हे नाव होतं, त्याच फौजेत दोन पिढ्यांनी ओरडणं ऐकून घेणाऱ्या बाईलाही तेच मिळालं. योगायोगच तो, त्यातून काही काढायला जाऊ नये, पण विसरलाही जात नाही.

इंग्रजी-मराठी मार्गदर्शकांत ‘बाइट द बुलेट’समोर ‘मन घट्ट करणे’, ‘कडू घोट गिळणे’ असं काहीतरी दिलेलं असतं. आजच्या अर्थापुरतं ते बरोबरच आहे. पण ग्रोसच्या कोशातला तो शिपाई डोळ्यांसमोर आणला तर मराठीत त्याला फार नेमका शब्द आहे : तोंड दाबून बुक्क्यांचा मार. फरक इतकाच की इथे तोंड दाबण्याचं कामही मार खाणाऱ्यावरच सोपवलेलं आहे, आणि ते त्याने नीट केलं की पलटण त्याची पाठ थोपटते. तीच पाठ.

एवढ्यावर माझं मत बदललं असतं असं मला वाटत नाही. शब्दांचा इतिहास आपण वाचतो, चुकचुकतो आणि उद्या तोच शब्द वापरतो. पण या वाचनानंतर वॉर्डातली शांतता मला वेगळी ऐकू यायला लागली.

आपल्याकडे न ओरडणाऱ्याचं केवढं कौतुक असतं! लेबर रूमबाहेर बसलेल्या सासूबाई अभिमानाने सांगतात, ‘पोरीने हूं की चूं केलं नाही हो.’ माझी आजी स्वतःच्या बाळंतपणांविषयी सांगायची तेव्हा मुख्य मुद्दा हाच की ओसरीवर बसलेल्या पुरुषांना मूल रडल्यावरच कळलं. तिचा तो विक्रम घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. एडिंबरोच्या जेम्स सिम्पसनने १८४७ मध्ये बाळंतिणींना क्लोरोफॉर्म दिला तेव्हा बायबलचा दाखला देऊन त्याला विरोध झाला, आणि १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने जॉन स्नोच्या हातून तो घेतल्यावर तिथल्या बायकांना जरा उजळ माथ्याने मागता येऊ लागला. आपल्याकडे धर्मग्रंथाची गरजही पडत नाही. शेजारच्या खाटेवरची बाई गप्प आहे एवढं पुरतं. लेबर रूममध्ये ओरडणाऱ्या मुलीला काय काय ऐकवलं जातं ते इथे लिहिण्यासारखं नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेल. मी वर्षानुवर्षं त्या दारातून ये-जा केली आहे आणि त्या बोलण्याला वातावरणाचा भाग समजत आले.

सर्जिकल वॉर्डातली तऱ्हा निराळी. ‘काका, दुखतंय का?’ ‘नाही, ठीक आहे.’ हे ‘ठीक आहे’ म्हणजे मराठी पुरुषाची गोळी. पोटाचं मोठं ऑपरेशन झालेला माणूस श्वास घेतो तो वरवरचा, खोकला आला तर उशी घट्ट धरून दाबून टाकतो, कुशीवर वळत नाही, आणि विचारलं तर ठीक आहे. इंजेक्शन कशाला, सवय लागेल. गोळी कशाला, किडनीला वाईट. सिस्टरना रात्री कशाला उठवायचं, त्याही दमलेल्या असतात. मुलगा बाजूला बसून कौतुकाने सांगतो, आमचे बाबा पहिल्यापासूनच स्ट्राँग आहेत.

या स्ट्राँगपणाची किंमत फुप्फुसं देतात. दुखतंय म्हणून खोल श्वास घेतला नाही की फुप्फुसाचे खालचे भाग मिटतात, कफ साचतो, तिथे न्यूमोनिया धरतो. दुखतंय म्हणून पाय हलवले नाहीत की पोटरीच्या शिरांत रक्त गोठायची भीती. वेदनेने नाडी आणि रक्तदाब चढतो, तो आधीच आजारी असलेल्या हृदयाला परवडत नाही. आणि सुरुवातीच्या दिवसांतली तीव्र वेदना नीट आटोक्यात आणली नाही तर काहींच्या मज्जासंस्थेत ती मुक्कामाला राहते. जखम भरते, दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. हे सगळं मला शिकत असल्यापासून पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलं होतं, पुढे शिकवलंही. त्याच तोंडाने मी ‘एवढं सोसा’ म्हणत होते. दोन्ही एकत्र नांदत होतं, कारण पहिलं शास्त्रात होतं आणि दुसरं संस्कारात.

ओरडता येतं म्हणून ऐकलं जातंच असंही नाही. तान्ह्या बाळांचं उदाहरण आमच्या शास्त्राला मान खाली घालायला लावणारं आहे. ती ओरडतातच, त्यांना इभ्रत नसते. तरी १९८० च्या दशकापर्यंत नवजात बाळांच्या मोठ्या शस्त्रक्रिया जगातल्या नामांकित रुग्णालयांत अगदी हलक्या भुलेवर, स्नायू ढिले करणारं औषध देऊन होत असत. त्यांची मज्जासंस्था कच्ची आहे, त्यांना दुखत नाही, असं मानलं जाई. कन्वलजित आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरने ऑक्सफर्डला असताना सहकाऱ्यांबरोबर अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. ज्यांना फेंटॅनिल हे वेदनाशामक दिलं त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होता आणि ऑपरेशननंतरचे उपद्रवही कमी. १९८७ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, त्याच वेकलीच्या. तेव्हापासून बाळांना पुरेशी भूल मिळू लागली.

मधल्या काळात माझं स्वतःचं पित्ताशय काढावं लागलं. दुर्बिणीतून केलेलं साधं ऑपरेशन. त्या रात्री सिस्टर आली आणि तिने मी स्वतः शिकवलेला प्रश्न मला विचारला, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय मॅडम? उजव्या खांद्यात सणक मारत होती. पोटात भरलेल्या वायूने छाती-पोटामधला पडदा चाळवला की खांद्यात दुखतं, हे मी शेकडो पेशंटना समजावलेलं. खरं उत्तर सात होतं. मी तीन म्हटलं. का म्हटलं? ती ओळखीची होती म्हणून, भूलतज्ज्ञ बाईने कुरकुर करणं शोभत नाही म्हणून, आजीमुळे. ती तीन लिहून गेली आणि तिनाला जे द्यायचं तेच तिने दिलं. तिचं काही चुकलं नव्हतं. मी रात्रभर खांदा धरून जागी होते आणि मनात फटक्यांच्या चौकोनातल्या त्या डॉक्टरशी बोलत होते. बांधून ठेवायला तिथे कुणी नव्हतं. गोळी माझी मीच आणली होती.

यावर एक आक्षेप मला माझ्या सहकाऱ्यांनी घेतला आणि तो मी गंभीरपणे घेते. अमेरिकेत १९९० च्या दशकात वेदनेला ‘पाचवं लक्षण’ म्हणायची चळवळ झाली : नाडी, श्वास, ताप, रक्तदाब यांच्या जोडीने वेदनाही दर वेळी मोजायची. हेतू चांगला होता. औषध कंपन्यांनी तो हेतू विकत घेतला, अफूजन्य गोळ्या दाणे टाकावेत तशा वाटल्या गेल्या, आणि त्या व्यसनाने तिथे लाखो माणसं गेली. २०१६ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेनेच हा ‘पाचवं लक्षण’ प्रकार सोडायला सांगितलं. म्हणजे थोडं सोसायला शिकवणंच बरं, नाही का?

मला तसं वाटत नाही. एकतर आपली अवस्था नेमकी उलटी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत. आणि १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने कागदपत्रांचा आणि तुरुंगाचा असा धाक घातला की बहुतेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. कॅन्सरचे पेशंट शेवटचे महिने तळमळत काढू लागले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल, तेही मूळचे भूलतज्ज्ञ, यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि वैद्यकीय वापराच्या वाटेतले परवान्यांचे काटे कमी झाले. तब्बल २९ वर्षं लागली. एवढी वर्षं या प्रश्नावर मोर्चा निघाला नाही, कारण ज्यांना दुखत होतं ते फार दिवस जगत नव्हते, आणि त्यांच्या घरचे म्हणत होते, सोसलं बिचाऱ्यांनी. दुसरं म्हणजे वेदना ऐकणं आणि प्रत्येक वेदनेवर अफू देणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नसांभोवती बधिर करणारं औषध देऊन केलेला ब्लॉक, वेळच्या वेळी दिलेलं साधं पॅरासिटामॉल, नीट दिलेली उशी, आणि हे अमुक दिवशी कमी होईल असं कुणीतरी बसून सांगणं, यांनी पुष्कळ काम होतं. अमेरिकेची चूक ऐकण्यात झाली नाही. ऐकायला वेळ नव्हता म्हणून गोळ्या लिहून देण्यात झाली.

मग हा वाक्प्रचार मी ठेवला कशासाठी? कारण इंग्रजीतही तो फटक्यांच्या चौकोनातून केव्हाच बाहेर आला आहे. मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या किपलिंगच्या १८९१ च्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ कादंबरीत तो भेटतो. दृष्टी गेलेल्या चित्रकाराला त्याचा मित्र तो सांगतो, आणि तिथेही भर आहे तो भीती इतरांना दिसू न देण्यावर. आज मात्र कुणी म्हणतं ‘आय बिट द बुलेट अँड सोल्ड द फ्लॅट’, तेव्हा त्यात सोसण्यापेक्षा ठरवण्याचा भाग मोठा असतो. टाळत आलेली गोष्ट त्याने करून टाकली. वेळ त्याने निवडली, का करायचं ते त्याला माहीत होतं, आणि नको म्हणायची सोय त्याला होती. त्या शिपायाला यातलं काहीच नव्हतं.

म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केला. हा वाक्प्रचार ‘मी’बरोबर वापरायचा, ‘तू’ आणि ‘तुम्ही’बरोबर नाही. गुडघा बदललेल्या आजोबांनी दुसऱ्या दिवशी चालायचं ठरवलं आणि मला म्हणाले, ‘आज दात आवळून चालतो बघा’, तर मी टाळ्या वाजवेन; आधी त्यांच्या दुखण्याचं औषध वेळेवर गेलंय का ते बघेन आणि मग वाजवेन. पण ‘चला आजोबा, दात आवळा’ हे माझ्या तोंडून आता येत नाही. रात्रपाळीला वैतागलेल्या निवासी डॉक्टरलाही मी ते सांगत नाही. तो वैतागलाय याचं कारण बहुतेक वेळा वेळापत्रकात असतं, आणि वेळापत्रक करणाऱ्यांत मी असते. लेबर रूममध्ये मी ‘ओरड ग, ओरडायला काही हरकत नाही’ म्हणते तेव्हा काही जुन्या सिस्टर माझ्याकडे अजून विचित्र नजरेने बघतात. बाळंतकळा कमी करणाऱ्या एपिड्यूरलबद्दल विचारायला आलेल्या मुलीच्या सासरच्यांना समजावणं हे सुई मणक्यात बरोबर घालण्यापेक्षा अवघड आहे, हेही मान्य करते.

सोसण्याला माझा विरोध नाही. काही दुखणी अशी असतात की त्यांच्यावर इलाज नाही आणि ती माणसं कशी वागवतात ते पाहून मी आजही थक्क होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण मीही लहानपणापासून ऐकली आहे. फक्त टाकी ज्याच्या हातात आहे त्याने ती दगडाला ऐकवू नये, इतकंच माझं म्हणणं.

तुमच्यापैकी कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येईल तेव्हा नंतरच्या दुखण्याचं काय करणार आहात हे त्याला स्पष्ट विचारा. आकडा विचारला तर खरा सांगा; सात असेल तर सात. दुखणं डोक्यावर बसेपर्यंत थांबू नका, चढायला लागलं की बेल वाजवा, रात्र असली तरी. सिस्टर त्यासाठीच जागी असते. आणि पेशंट बोलत असताना नातेवाइकांनी, कृपा करून, मध्येच ‘तसं फार काही दुखत नाही हो त्यांना’ असं म्हणू नये.